‘समजा’पासून सुरू होणारी पुस्तकं: विज्ञानकथा आणि फँटसीबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली पंचवीसेक वर्षं मी मुख्यतः विज्ञानकथा आणि फँटसीच वाचतेय. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसमध्ये डबा खाताना, डोंबिवली लोकलमध्ये माझ्या हातातलं कव्हर बघून शेजारची बाई विचारते तेव्हा, सगळीकडे साधारण तेच तेच प्रश्न येतात. मला उत्तरं द्यायला मनापासून आवडतं, पण दर वेळी स्टेशन येतं आणि अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून हे एकदा नीट बसून लिहिलं.

विज्ञानकथा आणि फँटसी एकच ना?

एकच नाही, पण सख्ख्या बहिणी आहेत. शाळेत गणितात आपण “समजा क्ष बरोबर अमुक” असं लिहायचो आणि मग पुढची एकही पायरी चुकून चालायची नाही, तसंच आहे हे. लेखक तुमच्याकडे एकच ‘समजा’ मागतो. ते समजा विज्ञानाच्या वाटेने आलं तर विज्ञानकथा, जादूच्या वाटेने आलं तर फँटसी. त्यानंतर मात्र सूट नाही. समजा माणसाला अदृश्य होता आलं, तर मग त्याला थंडी वाजणार का, त्याने खाल्लेलं जेवण पोटात दिसणार का, दुकानदार त्याला सामान कसं देणार, हे सगळं लेखकाला निस्तरावं लागतं. जो निस्तरतो तो चांगला लेखक, जो अडचण आली की नवीन जादू काढतो त्याचं पुस्तक मी बंद करते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मराठीतलंच आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही गोष्ट. त्यात समजा एवढंच, की १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. बस्स. तेवढ्याने लढाईचा निकाल फिरतो, आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जातात तर तिथे ईस्ट इंडिया कंपनीचं ऑफिस अजून उभं! आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी “पानिपत जिंकलो असतो तर” म्हणून उसासा टाकलेला असतो, पण त्या उसाशाच्या पुढे एक एक पायरी चढत जाऊन “बरं, जिंकलो, मग काय झालं असतं ते सांगतो” असं कोणी म्हणत नाही. ते काम विज्ञानकथेने केलं. आणि शेवटी हे सगळं कसं घडलं याचं भौतिकशास्त्रातून दिलेलं स्पष्टीकरणसुद्धा आहे, ते मी इथे सांगणार नाही.

हे लहान मुलांचं वाचन नाही का?

चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून सामोरे गेले, ही गोष्ट ऐकताना कुठल्याही आजोबांनी “हे लहान मुलांसाठी आहे” असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. गोष्ट कशाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं, ज्ञानाचा अहंकार कसा गळून पडतो त्याबद्दल आहे. आपली कीर्तनं, आपली पुराणं, वेताळपंचविशी, सगळं अद्भुताने भरलेलं आहे आणि ते ऐकणारी मंडळी मोठीच असायची. वेताळ तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असा प्रश्न टाकतो की मोठ्या माणसालाच घाम फुटावा. मला उलट वाटतं की अद्भुत फक्त मुलांचं असतं ही समजूतच अलीकडची आहे.

मला विज्ञान अजिबात येत नाही, दहावीनंतर आर्ट्स घेतलं. समजेल का?

समजेल. मी स्वतः कॉमर्सची.

एक गोष्ट सांगते म्हणजे भीती जाईल. आयझॅक असिमोव्हची १९४१ सालची ‘नाइटफॉल’ नावाची कथा आहे. एका ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळे तिथे कधी रात्र होतच नाही, आकाशात एक तरी सूर्य असतोच. फक्त २०४९ वर्षांतून एकदा ग्रहण लागून अंधार होतो. आता ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंधार पाहिलाच नाही, त्यांचं काय होईल? यात विज्ञान किती लागलं सांगा, ग्रहण म्हणजे काय एवढंच, आणि ते आपल्याला आजीने दर्भ ठेवताना शिकवलेलं असतं. पुढचं सगळं माणसाच्या मनाबद्दल आहे. अगदी गणिती, तांत्रिक विज्ञानकथाही असतात, त्या मला सुद्धा जड जातात आणि मी काही पानं न समजता पुढे जाते, त्याने काही बिघडत नाही. गाण्यातली सगळी श्रुती-स्थानं कळल्याशिवाय आपण मैफिलीला जातोच की.

मराठीत काय आहे? कोणी लिहिलंय का?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलते, सांभाळून घ्या.

मराठीत विज्ञानकथा आहे आणि चांगली आहे, आपल्याच लोकांना माहीत नसते हे दुःख आहे. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली, आणि परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून केलेलं, आणि अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून पाठवलेली. तोपर्यंत केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करून जगभर नाव झालेला माणूस, आणि तो मराठीतल्या स्पर्धेत नवख्या लेखकासारखा रांगेत उभा राहतो. ही हकीकत मी शंभर वेळा सांगितली असेल आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकारच्या कथेची दखल घेतली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष खुद्द नारळीकर सर होते. म्हणजे बाजूच्या दाराने आलेला साहित्यप्रकार माजघरात येऊन बसला. सर २० मे २०२५ ला गेले, त्या रात्री मी ‘यक्षांची देणगी’ परत काढून वाचत बसले होते.

तर सुरुवात ‘यक्षांची देणगी’पासून करा, छोट्या कथा आहेत, रात्री झोपण्यापूर्वी एक होते. मग कादंबरी हवी असेल तर ‘वामन परत न आला’, कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय आज रोज पेपरात येतो, ही १९८० च्या दशकातली आहे. त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही मंडळी. लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाईन’ जरूर वाचा, त्यात प्रयोगशाळेपेक्षा माणसाच्या शरीराचं आणि बुद्धीचं नातं मोठं आहे. नारायण धारप म्हटलं की लोकांना फक्त भयकथा आठवतात, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्यात. आणि दिवाळी अंक विसरू नका, ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांनी वर्षानुवर्षं या प्रकारच्या कथा छापल्या, रद्दीवाल्याकडे जुने अंक दिसले तर सोडू नका.

मग मराठीत फँटसी का दिसत नाही?

जुन्या काळी होती. नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचून बघा, शंभर वर्षांपूर्वीची, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरेबियन नाइट्स’ मराठीत आणलं ते तर त्याच्याही आधी. मग मध्येच कुठेतरी वास्तववादी लिहिलं तरच ते खरं साहित्य असं वातावरण झालं असावं, हा माझा अंदाज. माझी तर मनापासून इच्छा आहे की कोणीतरी सह्याद्रीतली मोठी फँटसी लिहावी, देवराई आहे, म्हसोबा आहे, साती आसरा आहेत, कोकणातला राखणदार आहे, घाटवाटा आणि भुयारं आहेत. माल सगळा घरात पडलाय.

इंग्रजीत वाचायचं आहे पण इंग्रजी बेताचं. कुठून सुरू करू?

जाड पुस्तकापासून नको. लोक उत्साहाने हजार पानांची सिरीज मागवतात, चाळीस पानांत थकतात आणि म्हणतात हे माझ्यासाठी नाही.

कथांपासून सुरू करा. आर्थर क्लार्कची १९५३ ची ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ ही अगदी छोटी गोष्ट आहे. तिबेटमधले लामा देवाची सगळी शक्य नावं लिहून काढतायत, हाताने केलं तर हजारो वर्षं लागतील म्हणून ते कॉम्प्युटर भाड्याने घेतात. ज्याच्या घरी विष्णुसहस्रनाम म्हटलं जातं त्याला ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात आपली वाटते. शेवटची ओळ वाचून मी गॅलरीत जाऊन आकाशाकडे बघितलं होतं, का ते वाचल्यावर कळेल.

फँटसीत अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ सालचं, दोनशेच्या आसपास पानं, भाषा स्वच्छ. तिथे प्रत्येक गोष्टीचं एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याची त्या गोष्टीवर सत्ता चालते. नायक तेरा वर्षांचा होतो तेव्हा एक जादूगार त्याला नदीतून पलीकडे बोलावतो आणि त्याचं खरं नाव हळूच त्याला सांगतो. मी ते वाचलं आणि मला थेट बारसं आठवलं, पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करणारी आत्या! नाव ही साधी गोष्ट नाही हे आपल्याला आधीपासून माहीत आहे, ले ग्विन बाईंनी त्यावर अख्खं जग उभं केलं. आणि तो मुलगा सावळ्या, तांबूस-तपकिरी रंगाचा आहे, १९६८ मध्ये इंग्रजी फँटसीत ही फार मोठी गोष्ट होती.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दोनदा सोडलं. काय करू?

तिसऱ्यांदा सुरुवातीची प्रस्तावना गाळा आणि सरळ वाढदिवसाच्या पार्टीपासून सुरू करा. खूप जण त्या प्रस्तावनेतच अडकतात. गाणी आली तर मोठ्याने वाचा किंवा सोडा, नंतर परत येता येतं. टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये जुन्या भाषा शिकवायचे, त्यांनी आधी भाषा बनवल्या आणि मग त्या बोलणारी माणसं आणि त्यांचा इतिहास बनवला. त्यामुळे त्या पुस्तकातली नदी-डोंगरांची नावं उगाच ठेवलेली वाटत नाहीत, आपल्याकडे कशी गावाच्या नावात जुनी गोष्ट दडलेली असते तशी वाटतात. आणि ती तीन पुस्तकं नाहीत, एकच कादंबरी आहे, १९५४-५५ मध्ये खर्चामुळे तीन भागांत छापली, त्यामुळे पहिला भाग संपल्यावर “शेवटच नाही याला” म्हणून चिडू नका.

मुग्धा कर्णिक यांचं ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे मराठी भाषांतरही आहे. माझ्या आईने सत्तरीत ते वाचलं आणि तिला त्यातला सॅम सगळ्यात आवडला, “तो पोरगा म्हणजे वारीत सोबतीला असावा असा” हे तिचे शब्द.

हे सगळं वास्तवापासून पळणं नाही का?

हा प्रश्न मला लागतो, म्हणून जरा सविस्तर. २०१६ च्या उन्हाळ्यात मी फ्रँक हर्बर्टचं ‘ड्यून’ वाचत होते. वाळवंटी ग्रह, पाऊस नाही, लोक अंगाचा घाम आणि श्वासातली वाफसुद्धा गोळा करणारे कपडे घालतात, मेलेल्या माणसाच्या देहातलं पाणी टोळीच्या मालकीचं. तिथे कोणी समोर थुंकला तर तो मान असतो, कारण त्याने स्वतःच्या अंगातलं पाणी तुम्हाला दिलेलं असतं. आणि नेमकं त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. माझी मामी लातूरची. फोनवर ती सांगायची की भांडी घासलेलं पाणी कुंडीला, अंघोळीचं पाणी संडासाला, पाहुणा आला की आधी मनात येतं हा किती पाणी पिणार. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले. पाणी कमी पडलं की माणसांचे रीतिरिवाज, देव, राजकारण, लग्नं सगळं कसं बदलत जातं हे मला कुठल्याही अग्रलेखापेक्षा त्या परक्या ग्रहाने जास्त कळवलं, आणि मामीचं बोलणं मी त्यानंतर वेगळ्या कानांनी ऐकायला लागले.

हे पुस्तक वीसच्या वर प्रकाशकांनी नाकारलं होतं, शेवटी १९६५ मध्ये ज्यांनी छापलं ते गाड्यांच्या दुरुस्तीची मॅन्युअल्स छापण्यासाठी प्रसिद्ध होते. पळवाट म्हणून लिहिलेलं पुस्तक कोणी इतक्या चिकाटीने घेऊन फिरत नाही.

हे मुलग्यांचं वाचन आहे ना?

‘फ्रँकेनस्टाइन’ सुरू केलं तेव्हा मेरी शेली अठरा वर्षांची मुलगी होती, ते १८१८ मध्ये छापून आलं आणि आधुनिक विज्ञानकथेची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. आपल्याकडे १९०५ मध्ये रुकय्या सखावत हुसेन या बंगाली बाईंनी ‘सुलतानाज ड्रीम’ लिहिलं, त्यात पुरुष पडद्यात राहतात आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, विमानातून फिरतात, राज्य चालवतात. १९०५! आणि आजच्या काळात एन. के. जेमिसिन यांना २०१६, १७, १८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचं ह्यूगो अवॉर्ड, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतलं मोठं बक्षीस, मिळालं, त्या आधी कोणालाच असं सलग तीनदा मिळालं नव्हतं. एकदा एका पुस्तकांच्या दुकानात मला सेल्समनने “मिस्टरांसाठी घेताय का” असं विचारलं होतं, तेव्हा यातलं काही सुचलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

विज्ञानकथा लेखक भविष्य बरोबर सांगतात का?

कधी कधी, पण तेवढ्यासाठी वाचू नका. आर्थर क्लार्कनी १९४५ मध्ये लेख लिहिला की पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो एकाच जागी थांबल्यासारखा दिसेल आणि तीन उपग्रहांत सगळ्या जगाला संदेश पोचेल. आज आपल्या छतावरची डिश त्याच कक्षेकडे तोंड करून असते. पण त्यांना वाटलं होतं की तिथे वर माणसं राहून यंत्रं सांभाळतील. म्हणजे उंची बरोबर, माणसं चुकली. मला त्यात मौज ही वाटते की ‘समजा’ म्हणून हिशोब मांडायची सवय असलेला माणूस इतक्या लांबचं बघू शकतो, बाकी तारीख चुकली म्हणून गोष्ट खोटी पडत नाही.

सिरीज अर्धवट असेल तर सुरू करू का?

मी करते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका जिच्यावरून आली त्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा भाग २०११ ला आला, सहाव्याची वाट बघणं अजून चालू आहे, तरी जे पाच वाचले त्याचा मला पश्चात्ताप नाही. अगदीच नको असेल तर पूर्ण झालेल्या घ्या. ‘व्हील ऑफ टाइम’चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले तरी त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननी ती २०१३ मध्ये चौदाव्या भागात पूर्ण केली.

आधी सिनेमा की आधी पुस्तक?

पुस्तक. एकदा नटाचा चेहरा डोळ्यांत बसला की जात नाही.

नावं लक्षात राहत नाहीत, त्याचं काय?

बुकमार्कच्या मागे लिहा. मी जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग वापरते, कोण कोणाचा कोण, गाव कुठलं. पन्नासेक पानांनंतर बघावं लागत नाही. महाभारतातली नावं आपल्याला पाठ आहेत ती काय एका दिवसात झाली का.

पुस्तकं महाग आहेत. स्वस्तात कुठे?

पहिलं म्हणजे लायब्ररी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, आणि तुमच्या तालुक्याच्या वाचनालयातही नारळीकर-धारप असणारच, मागून बघा, बाहेरच्या रॅकवर नसले तर आतून काढून देतात. मुंबईत फोर्टला फूटपाथवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं मिळतात, मला एक फाटक्या कव्हरचं असिमोव्ह तीस रुपयांना मिळालं होतं, आत कोणीतरी पेन्सिलने “शेवट आधी वाचू नकोस” असं मराठीत लिहिलेलं. जूल्स व्हर्न, एच. जी. वेल्स, मेरी शेली यांची इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आणि कायदेशीर आहेत. पायरेटेड पीडीएफ फॉरवर्ड करू नका प्लीज, मराठी लेखकांची तर नकोच, आवृत्त्या आधीच छोट्या निघतात.

मुलांना काय देऊ? सातवीतला मुलगा आहे, फोन सोडत नाही.

भा. रा. भागवत. ‘फास्टर फेणे’ तर आहेच, पण त्यांनी जूल्स व्हर्न मराठीत आणला तो इतका झणझणीत आहे की भाषांतर वाटतच नाही. हॅरी पॉटरही मराठीत आहे. पण हातात पुस्तक देऊन “वाच” म्हणू नका. माझ्या मुलीला मी रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायचे आणि मुद्दाम ऐन रंगात आलं की दिवा बंद करायचे. तिसऱ्या रात्री पांघरुणात टॉर्च सापडला.

ऐकलं तर चालेल का?

का नाही, कीर्तन ऐकतच आलो की आपण. स्टोरीटेल या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर मराठीत बरंच आहे, मी पोळ्या करताना ऐकते.

एकच पुस्तक सांग, जास्त नको.

‘यक्षांची देणगी’. त्यात एक गोष्ट आहे, मुंबईत सकाळी उठून बघतात तर सगळीकडे बर्फ पडलेला. तिच्यापासून सुरू करा, आणि भर उन्हाळ्यात वाचा, मे महिन्यात, पंखा चालू ठेवून.